बाहुली, नट आणि संहिता : जपानी जोरुरी व काबुकी रंगभूमीचा एक विचार

नाट्यसंहितेला स्वतंत्र साहित्यकृती मानावे की प्रयोगाचा केवळ आराखडा, हा वाद आपल्या नाट्यविचाराला नवा नाही. या वादात उदाहरणे बहुधा संस्कृत, ग्रीक किंवा एलिझाबेथकालीन इंग्रजी नाटकांची दिली जातात. सतराव्या-अठराव्या शतकांतील जपानी नगररंगभूमीकडे त्या दृष्टीने पाहिल्यास हाच प्रश्न एका वेगळ्याच रूपात समोर येतो. तेथे एकाच काळी, एकाच प्रेक्षकवर्गासाठी आणि पुष्कळदा एकाच कथानकावर दोन रंगभूमी उभ्या होत्या. एक नटांची, म्हणजे काबुकी. दुसरी बाहुल्यांची, म्हणजे निंग्यो जोरुरी. पहिलीत संहिता नटाच्या अधीन राहिली. दुसरीत मात्र ती इतकी प्रबळ झाली की जपानी साहित्याच्या इतिहासात नाटककार म्हणून ज्याचे नाव प्रथम घेतले जाते, त्याने आपले सर्वोत्तम लेखन निर्जीव बाहुल्यांसाठी केले. हे कसे घडले आणि संहितेचा हा अधिकार पुढे का उणावला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रारंभीच नावांविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. ‘बुनराकु’ हे आज रूढ असलेले नाव एकोणिसाव्या शतकातील एका नाट्यगृहावरून आलेले आहे. ज्या काळाचा येथे मुख्यतः विचार केला आहे, त्या काळाला ते लागू पडत नाही. तसेच ‘बाहुल्यांचा खेळ’ म्हटले की आपल्या मनात कळसूत्री बाहुली येते. जोरुरीची बाहुली वरून दोऱ्यांनी हलविली जात नाही. ती चालकांच्या प्रत्यक्ष हातांत असते आणि चालक प्रेक्षकांना दिसत असतात.

‘जोरुरी’ या शब्दाचा मागोवा भारतापर्यंत पोहोचतो. त्यातील ‘रुरी’ हा शब्द संस्कृत ‘वैडूर्य’ या शब्दापासून बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांमार्गे जपानीत आला. भैषज्यगुरू बुद्धाच्या पूर्वेकडील लोकाला जपानीत ‘निर्मल वैडूर्याचे जग’ असे म्हणतात. त्याच बुद्धाच्या कृपेने जन्मलेली म्हणून एका कथेतील नायिकेचे नाव जोरुरी ठेवले गेले. मिनामोतो घराण्याचा तरुण वीर योशित्सुने आणि ही कन्या यांची प्रेमकथा पंधराव्या शतकात गाऊन सांगितली जात असे. तत्पूर्वी ‘हेइके’ घराण्याच्या विनाशाची कथा बिवा नावाच्या वीणासदृश वाद्यावर गाणाऱ्या अंध कथेकऱ्यांची मोठी परंपरा होतीच. जोरुरी ही त्या परंपरेची उत्तराधिकारी म्हणता येईल. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात र्‍युक्यु बेटांकडून शामिसेन हे तीन तारांचे वाद्य आले आणि कथेकऱ्यांनी ते उचलले. भटक्या बाहुलीवाल्यांची परंपराही जपानमध्ये जुनी होती. बाराव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास ओए नो मासाफुसा या विद्वानाने त्यांच्यावर एक छोटे टिपण लिहून ठेवले आहे. निवेदन, शामिसेन आणि बाहुली या तिन्हींचा संयोग सोळावे शतक संपता संपता झाला.

या क्रमाला फार महत्त्व आहे. कथा आधी होती, वाद्य नंतर आले आणि बाहुली सर्वांच्या शेवटी आली. म्हणजे जोरुरी हे मुळात श्रव्य काव्य होय. दृश्यत्व त्याला मागाहून जोडले गेले. आजही निवेदक (त्याला ‘तायु’ म्हणतात) आणि शामिसेनवादक रंगमंचाच्या एका बाजूस, प्रेक्षकांच्या उजव्या हाताला, वेगळ्या व्यासपीठावर बसतात. सर्व पात्रांचे संवाद, रडणे, हसणे, खोकणे आणि मधले सारे वर्णन एकटा तायु करतो. त्याच्यापुढे लाकडी व्यासपीठिकेवर संहिता ठेवलेली असते. ती त्याला मुखोद्गत असते; तरीही आरंभी तो ती दोन्ही हातांनी उचलून मस्तकाला लावतो आणि मगच उघडतो. पोथीला नमस्कार करून कथेस आरंभ करणारा कथेकरी आपल्याला परिचित आहे. परंतु ज्या रंगभूमीवर हा विधी होतो, ती व्यावसायिक, तिकीट लावून चालणारी आणि बाजारपेठेत वसलेली होती, हे विसरता कामा नये.

काबुकीचा जन्म नेमका उलट दिशेने झाला. १६०३ मध्ये ओकुनी नावाच्या स्त्रीने क्योतोत केलेल्या नृत्यांपासून काबुकीचा इतिहास सुरू होतो. तेथे देह आधी होता. हे नृत्य वेश्याव्यवसायाशी जोडले गेल्याने तोकुगावा शासनाने १६२९ मध्ये स्त्रियांना रंगमंचावर बंदी केली. त्यांची जागा किशोरवयीन मुलांनी घेतली, तेव्हा त्यांच्यावरून सामुराईंमध्ये भांडणे होऊ लागली आणि १६५२ मध्ये त्यांनाही मज्जाव झाला. यापुढे कपाळावरील केस उतरविलेल्या प्रौढ पुरुषांनीच काम करावे, अशी अट आली. या बंधनांमुळे काबुकीला केवळ देहाच्या आकर्षणावर विसंबता येईना आणि तिला नाटक शोधावे लागले, असे सामान्यतः मांडले जाते. ते खरे आहे; पण अर्धेच. नाटक आले तरी ते नटाभोवतीच आले. एदोमध्ये पहिला इचिकावा दांजुरो याने रांगड्या, अतिमानवी वीरांची शैली घडविली, तर क्योतोत साकाता तोजुरो (१६४७–१७०९) याने हळव्या, घरंदाज पण वाया गेलेल्या तरुण प्रियकराची. प्रेक्षक दांजुरोला आणि तोजुरोला पाहायला येत. नाटककाराचे नाव कोणी विचारीत नसे. काबुकीची संहिता ही मंडळीच्या आतली हस्तलिखित वही होती. बाहेर छापले जाई ते तिचे सचित्र सार.

या दोन्ही रंगभूमींवर ज्याने लेखन केले तो चिकामात्सु मोन्झाएमोन (१६५३–१७२५). तो सामुराई कुळात जन्मला होता. ताकेमोतो गिदायु (१६५१–१७१४) या तायुने १६८४ मध्ये ओसाकाच्या दोतोंबोरी भागात ‘ताकेमोतो-झा’ हे नाट्यगृह काढले, आणि पुढच्याच वर्षी चिकामात्सुने त्याच्यासाठी ‘शुस्से कागेकियो’ लिहिले. या नाटकापासून जोरुरीचे ‘जुनी’ आणि ‘नवी’ असे दोन कालखंड पाडण्याची पद्धत आहे. त्यानंतर अनेक वर्षे त्याने मुख्यतः तोजुरोसाठी काबुकी नाटके लिहिली. तोजुरो हा लेखकाच्या शब्दांची कदर करणारा नट होता, असे त्याच्याविषयीच्या आठवणींतून दिसते. असे असूनही १७०५ च्या सुमारास चिकामात्सुने काबुकी सोडली आणि तो ताकेमोतो-झाचा कायमचा लेखक झाला.

या स्थलांतराची कारणे सांगताना तोजुरोची ढासळती प्रकृती आणि ‘सोनेझाकी शिंजू’ या जोरुरी नाटकाला १७०३ मध्ये मिळालेले यश यांचा उल्लेख होतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण संहितेच्या प्रतिष्ठेचा मुद्दाही तितकाच विचारात घ्यावा लागतो. जोरुरीची संहिता संपूर्ण छापली जाई, आणि तीही गायनाच्या खुणांसह. ओसाकातील व्यापारी व कारागीर छंद म्हणून जोरुरी-गायन शिकत आणि त्यासाठी ही पुस्तके विकत घेत. म्हणजे प्रयोग संपल्यावरही संहितेला वाचक होता, गायक होता आणि बाजारही होता. चिकामात्सुने या पुस्तकांवर आपले नाव घालण्यास सुरुवात केली, तेव्हा त्यावर टीका झाली होती. नाट्यलेखकाने स्वतःचे नाव मिरवावे हे त्या काळाला औद्धत्य वाटले. लेखकाच्या नावाचा हा आग्रह बाहुल्यांच्या रंगभूमीवर टिकला, हा योगायोग नव्हे.

चिकामात्सुचे नाट्यविषयक विचार ‘नानिवा मियागे’ या १७३८ च्या ग्रंथात होझुमी इकान या विद्वानाने नोंदविलेले आहेत. त्यातील ‘कला ही सत्य आणि असत्य यांच्या मधल्या अरुंद पट्टीवर असते’ या आशयाचा सिद्धान्त सर्वत्र सांगितला जातो. जिवलगाची हुबेहूब प्रतिमा करवून घेतलेल्या एका दरबारी स्त्रीला अखेरीस त्या प्रतिमेचीच शिसारी आली, ही त्याने दिलेली कथाही प्रसिद्ध आहे. माझ्या मते साहित्याच्या अभ्यासकाने त्याच संभाषणातील दुसऱ्या एका मुद्द्याकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. जोरुरीला शेजारच्या जिवंत नटांशी स्पर्धा करावयाची असते आणि तिच्याकडे तर निर्जीव बाहुल्या असतात. म्हणून शब्दांतच, अगदी निसर्गवर्णनाच्या आणि प्रवासाच्या ओळींतही, भाव ओतला पाहिजे, असे तो सांगतो. करुण रसाविषयीही त्याचे मत असेच आहे. ‘किती करुण’ असे म्हटल्याने करुण साधत नाही. प्रसंगाच्या अपरिहार्यतेतून ते आपोआप उमटावे लागते. येथे बाहुलीचे उणेपण हेच शब्दाच्या सामर्थ्याचे कारण ठरते.

हे उणेपण प्रत्यक्षात किती होते, हे ध्यानात घेतल्यावाचून त्याच्या विधानाचा अर्थ पुरता कळत नाही. चिकामात्सुच्या हयातीत एका बाहुलीला एकच चालक असे. बाहुली लहान, हालचाल मर्यादित. ‘सोनेझाकी शिंजू’चा पहिला प्रयोग झाला तो अशा बाहुल्यांनी. सोया सॉसच्या पेढीवरील कारकून तोकुबेई आणि वारांगना ओहात्सु यांनी सोनेझाकीच्या वनात एकत्र देहत्याग केला, त्यानंतर एका महिन्याच्या आत नाटक रंगमंचावर आले. ताज्या घटनांवर नाटक करण्याची रीत काबुकीत आधीपासून होती. जोरुरीचे विषय मात्र तोवर इतिहास-पुराणातले असत. या छोट्या नाटकाने कर्जात बुडालेल्या ताकेमोतो-झाला वर काढले आणि सामान्य नागरिकांच्या जीवनावरील ‘सेवामोनो’ हा नवा प्रकार जोरुरीत रूढ केला.

कथानक साधे आहे. मालकाने ठरविलेले लग्न नाकारल्यामुळे तोकुबेईला हुंड्याची रक्कम परत करावयाची आहे. ती तो विश्वासाने कुहेजी या मित्राला उसनी देतो. मित्र ती नाकबूल करतो, उलट तोकुबेईवरच खोट्या शिक्क्याचा आरोप करून त्याला भर रस्त्यात मारहाण करवितो. व्यापारी समाजात पत गेली म्हणजे माणूस संपला. त्या रात्री ओहात्सु त्याला आपल्या वस्त्रात लपवून कुंटणखान्यात आणते आणि ओसरीखाली दडविते. वर बसून कुहेजी त्याची निंदा करीत असताना ती जणू स्वतःशीच बोलल्यासारखी मरणाची गोष्ट काढते आणि खाली सोडलेल्या पायाने त्याला विचारते. तो तिचा घोटा धरून आपल्या गळ्यावरून फिरवितो. संमती दिली गेली. वर बसलेल्यांपैकी कोणाला त्याचा पत्ता नाही. रंगमंचावर येथे जवळजवळ काहीच घडत नाही. जे घडते ते तायुच्या आवाजात.

त्यानंतर येते ती ‘मिचियुकी’, म्हणजे मृत्यूच्या दिशेने दोघांनी केलेली वाटचाल. पहाटेच्या घंटेचे टोल मोजत, पूल ओलांडत ते वनाकडे जातात. श्लेषांनी गुंफलेली ही रचना जपानी काव्याचा उत्कर्ष मानली जाते. मात्र ‘पात्रांनी म्हटलेले काव्य’ असे तिचे वर्णन करता येत नाही, कारण ती धड निवेदकाची नाही आणि धड प्रेमिकांचीही नाही. निवेदन म्हणून सुरू झालेले वाक्य मध्येच ओहात्सुच्या मुखात शिरते आणि पुन्हा बाहेर पडते. मूळ छापील संहितेत आपल्या नाटकांप्रमाणे डाव्या बाजूस पात्रांची नावे नसतात. मजकूर सलग असतो. आपल्याकडील विद्यार्थी चिकामात्सु वाचतात तो बहुधा डोनाल्ड कीन यांच्या १९६१ च्या इंग्रजी अनुवादातून. तो अनुवाद उत्तमच आहे, पण वाचकाच्या सोयीसाठी त्यात निवेदक आणि पात्रे यांच्या ओळी वेगळ्या मांडलेल्या आहेत. त्यामुळे हे आपल्या ओळखीचे संवादप्रधान नाटक आहे, असा समज होतो, आणि मग ‘जपानचा शेक्सपिअर’ हे लेबल लावणे सोपे जाते. हे लेबल सोडून दिलेले बरे. शेक्सपिअरचे शब्द नटाच्या देहातून बाहेर पडण्यासाठी लिहिलेले आहेत. चिकामात्सुचे शब्द देहाची उणीव भरून काढण्यासाठी. त्याची रचना आख्यान आणि नाट्य यांच्या सीमेवर आहे आणि तिला त्या सीमेवरच वाचावयास हवे.

१७१५ मध्ये आलेल्या ‘कोकुसेन्या काससेन’ या चीनमधील साहसांच्या नाटकाने सलग सतरा महिने गर्दी खेचली. त्याचे साहित्यिक मोल त्यामानाने कमी आहे. ‘शिंजू तेन नो आमिजिमा’ (१७२१) ही मात्र अनेकांच्या मते चिकामात्सुची सर्वश्रेष्ठ कृती. नाटके पाहून जोडप्यांच्या आत्महत्या वाढत आहेत, अशी समजूत झाल्याने शासनाने १७२३ मध्ये अशा नाटकांवर बंदी घातली. शब्दाच्या प्रभावाची शासनाने दिलेली ही एक प्रकारची कबुलीच.

चिकामात्सुच्या मृत्यूनंतर बाहुली बदलली. १७३४ मध्ये योशिदा बुंझाबुरो या चालकाने एका बाहुलीला तीन चालक ही पद्धत आणली, असे मानले जाते. मुख्य चालक डोके आणि उजवा हात सांभाळतो, दुसरा डावा हात, तिसरा पाय. बाहुली माणसाच्या अर्ध्या ते दोन-तृतीयांश उंचीची झाली. तिचे डोळे, भुवया, बोटे हलू लागली. पायांवर दहा वर्षे आणि डाव्या हातावर दहा वर्षे घालविल्यावर मुख्य चालक होता येते, असे या क्षेत्रात म्हटले जाते. तिघांनी एक शब्दही न बोलता, मुख्य चालकाच्या खांद्याच्या किंचित हालचालीवरून एकच श्वास घेतल्यासारखे वावरणे ही खरोखर विस्मयकारक कला आहे. पण तिची किंमत संहितेला द्यावी लागली. शिवणे, पत्र वाचणे, केस विंचरणे या क्रिया बाहुली स्वतः करू लागल्यावर त्यांचे शब्दांत वर्णन करण्याचे कारण उरले नाही. चिकामात्सुच्या दाट, अनियमित लयीच्या ओळी या नव्या बाहुलीच्या चालीत बसेनात. त्याची नाटके फेरफार करून होऊ लागली, किंवा होईनाशी झाली.

लेखनाची पद्धतही बदलली. ताकेदा इझुमो (दुसरा), मियोशी शोराकु आणि नामिकी सेन्रु यांनी मिळून ‘सुगावारा देंजु तेनाराई कागामी’ (१७४६), ‘योशित्सुने सेंबोन झाकुरा’ (१७४७) आणि ‘कानादेहोन चुशिंगुरा’ (१७४८) ही तीन महानाटके लिहिली. एकेक अंक एकेकाने लिहावा, अशी ही रीत. प्रयोगदृष्ट्या हा जोरुरीचा सुवर्णकाळ होय. ‘चुशिंगुरा’ हे आको येथील सत्तेचाळीस स्वामीहीन सामुराईंनी घेतलेल्या सूडाचे नाटक. शासनाच्या धाकामुळे ती घटना चौदाव्या शतकात नेऊन, नावे बदलून मांडली आहे.

याच नाटकाच्या पहिल्या प्रयोगांच्या वेळी एक वाद उद्भवला, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तो अत्यंत बोलका आहे. नवव्या अंकात बाहुलीच्या हालचालीला अवधी मिळावा म्हणून तायुने निवेदनाची गती बदलावी, अशी मागणी बुंझाबुरोने केली. ताकेमोतो कोनोतायु या ज्येष्ठ तायुने ती धुडकावली. शब्दाने बाहुलीच्या मागे चालावे, ही कल्पनाच त्याला असह्य होती. व्यवस्थापनाने चालकाची बाजू घेतली. कोनोतायु प्रतिस्पर्धी ‘तोयोताके-झा’कडे निघून गेला, तिकडचे तायु इकडे आले, आणि दोन नाट्यगृहांनी अर्धशतकभर वेगळ्या जपलेल्या गायनशैली एकमेकींत मिसळल्या. वरवर पाहता ही कलावंतांची कुरबुर. प्रत्यक्षात जोरुरीचा स्वामी कोण, या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी बदलले.

दरम्यान काबुकी ही सारी संपत्ती आपल्याकडे ओढीत होती. ‘चुशिंगुरा’ वर्षभरातच नटांच्या रंगभूमीवर आले. आज काबुकीत होणाऱ्या नाटकांपैकी मोठा भाग जोरुरीतून आलेला आहे. या नाटकांत निवेदक आणि शामिसेनवादक काबुकीच्या रंगमंचावरही बसतात. काही प्रवेशांत नट बाहुलीसारख्या तुटक हालचाली करतो आणि त्याच्या मागे काळ्या वेषातील ‘चालक’ उभे राहतात. जिवंत नटाने निर्जीव बाहुलीची नक्कल करावी, इतका तिचा दरारा. पण काबुकीने संहिता घेतली तरी तिचा अधिकार घेतला नाही. ‘चुशिंगुरा’च्या पाचव्या अंकातील सादाकुरो हे दरोडेखोराचे दुय्यम पात्र पाहावे. जोरुरीच्या संहितेत तो म्हाताऱ्या वाटसरूशी बरेच बोलतो. १७६६ मध्ये नाकामुरा नाकाझो या नटाने त्याला काळ्या वस्त्रातला, पावसात भिजलेला, पांढऱ्या फटक चेहऱ्याचा देखणा सामुराई केले आणि एका क्षुल्लक भूमिकेचे सोने झाले. आजच्या काबुकी प्रयोगात सादाकुरो लुटलेल्या पैशांची रक्कम तेवढी उच्चारतो. बाकी सारे त्याचा देह बोलतो.

काबुकीच्या या स्पर्धेपुढे जोरुरी टिकली नाही. चिकामात्सु हांजी याच्या ‘इमोसेयामा ओन्ना तेइकिन’ने (१७७१) काही काळ उभारी दिली, तरी १७६० नंतर दोन्ही जुनी नाट्यगृहे एकेक करून मोडकळीस आली. एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर आवाजी बेटाकडील उएमुरा बुनराकुकेन याने ओसाकात पुन्हा खेळ सुरू केले. त्याच्या वारसांच्या ‘बुनराकु-झा’ या नाट्यगृहावरून (१८७२) आजचे नाव रूढ झाले. १९०९ मध्ये ते शोचिकु या मनोरंजन कंपनीकडे आणि १९६३ मध्ये शासकीय साहाय्यावर चालणाऱ्या संस्थेकडे गेले. ओसाकातील राष्ट्रीय बुनराकु नाट्यगृह १९८४ चे. युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत २००८ मध्ये बुनराकु आणि काबुकी या दोहोंचा समावेश झाला.

बुनराकुच्या मंचावर ‘सोनेझाकी शिंजू’चे पुनरुज्जीवन १९५५ मध्ये झाले. नोझावा मात्सुनोसुके यांनी संहितेला कात्री लावून नवे संगीत दिले. तोकुबेईची बाहुली योशिदा तामाओ यांच्या हाती होती. तेव्हा एक अडचण उभी राहिली. या रंगभूमीवरील स्त्री-बाहुल्यांना पाय नसतात. वस्त्राचा खालचा घोळ आतून हातांनी हलवून चालण्याचा भास निर्माण केला जातो. आणि संहिता तर ओहात्सुचा पाय मागत होती. अखेर प्रथा मोडून या एका बाहुलीसाठी पांढरा, अनवाणी पाय करण्यात आला. तेव्हापासून ओसरीच्या प्रवेशात तो अंधारात क्षणभर वस्त्राबाहेर येतो, तोकुबेई तो गळ्याशी धरतो, आणि बाजूच्या व्यासपीठावरून तायु चिकामात्सुची वाक्ये म्हणत असतो. तीन शतकांपूर्वीची ती भाषा आजच्या जपानी प्रेक्षकाला कानाने पुरती उमगत नाही. म्हणून ओसाकाच्या नाट्यगृहात रंगमंचाच्या वरच्या बाजूस ती अक्षरांत उमटविली जाते. प्रेक्षक मान वर करून वाचतो आणि मग खाली बाहुलीकडे पाहतो.